पाच चाळीसची सूचना

पर्डम गावात व्हर्डेल मॅब्रीचा चेहरा ओळखणारे जितके होते, त्याच्या दुप्पट लोक तिचा आवाज ओळखत. आणि तो आवाज होता जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. रोज सकाळी पाच चाळीसला, सोयाबीन-कापसाचे भाव सांगून झाले की हवामानाच्या आधी ती रेडिओवर बोलायची: "हे स्टेशन वंश, वर्ण, धर्म, मूळ देश किंवा स्त्री-पुरुष असा कोणताही भेद न करता सर्वांना नोकरीची समान संधी देतं. आमच्याकडच्या रिकाम्या जागांची सूचना ज्या संस्थांना हवी असेल, त्यांनी आम्हांला जरूर कळवावं." संपलं. पुढे पावसाचा अंदाज.

गावानं या अर्ध्या मिनिटाची पार थट्टा करून टाकली होती. दुकानात गल्ल्यावरची पोरगी विचारायची, "मिस व्हर्डेल, कोणताही भेद न करता दोन पिशव्या देऊ ना?" केस कापायच्या दुकानाबाहेर बसलेले रिकामटेकडे ती दिसली की एकसुरात म्हणायचे, "जरूर कळवावं!" व्हर्डेल हसून पुढे जायची. चिडून करणार काय? सव्वीस वर्षांच्या नोकरीत स्टेशननं तिला माइक दिला तो एवढाच, आणि तोसुद्धा एकदाच. नऊ वर्षांपूर्वी एका मंगळवारी तिचा आवाज भरून घेतला, तोच अजून वाजत होता. आवाज एकोणचाळिशीतला आणि बाई अठ्ठेचाळीस वर्षांची.

स्टेशन गावाबाहेर, सोयाबीनच्या शेतात. एक बसकी इमारत आणि शेजारी उंच मनोरा, म्हणून सगळं गाव त्याला 'टॉवर' म्हणायचं. व्हर्डेल तिथं आली ती शहाऐंशी साली, बावीस वर्षांची, निवेदक व्हायला. स्टेशनचा मालक, म्हातारा स्टॅनफिल, यानं तिच्या हातात वर्तमानपत्र दिलं, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "पोरी, आवाज तुझा लोण्यासारखा आहे. सध्या मात्र टेबलावर बस. माइक रिकामा झाला की बघू." त्या काळी रेडिओ स्टेशनांना लायसन देणारा वॉशिंग्टनचा आयोग डोकी मोजायचा. लायसन हवं तर कामावर काळी माणसं किती, बायका किती, ते लिहून द्यायचं. व्हर्डेल एकटी दोन्ही रकान्यांत बसली. म्हातारा हे तिच्या तोंडावर, पाहुण्यांसमोर, मोठ्या खुशीत सांगायचा. त्याला त्यात काही वावगं वाटत नसे.

तेव्हापासून माइक सात वेळा रिकामा झाला. सातही वेळा दुसरं कुणीतरी बसलं. व्हर्डेल जाहिरातींचं वेळापत्रक लावत राहिली: कोणती जाहिरात किती वाजता, कशाच्या आधी, कशाच्या नंतर. ते काम ती इतकं नेटकं करायची की तिला तिथून हलवायचं कुणाच्या मनातच येईना. चांगलं काम करणाऱ्या माणसाची ही एक फार वाईट खोड असते.

मग कोर्टानं डोकी मोजणं बंद केलं आणि नवा नियम आला. आता कुणाला घेतलं हे कुणी विचारणार नव्हतं. कुणाकुणाला सांगितलं ते दाखवायचं होतं. पाच किंवा जास्त माणसं पूर्णवेळ कामाला असली, की कोणतीही जागा निघाली तर ती गावभर, जिल्हाभर कळवायची. कॉलेजांना, चर्चना, जी संस्था 'आम्हांला कळवा' म्हणेल तिला. अर्ज कुठून आले, मुलाखतीला कोण बसलं, त्यांना बातमी कुठून लागली, हे लिहून ठेवायचं आणि वर्षातून एकदा सगळ्यांना बघायला मांडायचं. व्हर्डेलला हा नियम मनापासून आवडला होता. तिच्यासारख्या एखादीला कुठल्यातरी चर्चात बातमी लागेल आणि ती चालत येईल, असं तिला खरंच वाटलं होतं. फाइल तिनं स्वतः मागून घेतली. करड्या रंगाचं लोखंडी कपाट, दोन खण, तारीखवार कागद, एकही इकडचा तिकडे नाही.

नियमात खोट नव्हती. खोट होती ती शुक्रवार आणि सोमवार यांच्यामध्ये. म्हाताऱ्यामागून त्याचा मुलगा क्ले मालक झाला. माणूस गोड, शुक्रवारी सगळ्यांसाठी डोनट आणणारा. तर हा क्ले शुक्रवारी कुणालातरी शब्द देऊन टाकायचा. शिकारीच्या दोस्ताचा मुलगा, बायकोचा मावसभाऊ, असं कुणीतरी. मग दारातून डोकं आत घालून म्हणायचा, "व्हर्डेल, तेवढं कागदाचं बघ." सोमवारी व्हर्डेल तेवीस ठिकाणी सूचना पाठवायची.

त्यातलं एक ठिकाण म्हणजे तिचंच चर्च.

ईस्ट साइडच्या, म्हणजे गावातल्या काळ्या वस्तीच्या, बॅप्टिस्ट चर्चची ती क्लार्क होती, म्हणजे दर रविवारी प्रवचनाआधी उभं राहून सूचना वाचायचं काम तिचं. कोण आजारी, कुणाकडे बाळ झालं, मासे तळून विकायचा कार्यक्रम कधी, आणि मधेच टॉवरवर अमुक जागा रिकामी आहे. पहिल्या वर्षी या सूचनेला लोक जोरात "आमेन!" म्हणाले होते. पोरींनी इस्त्रीचे कपडे घातले, आयांनी त्यांचे केस नीट केले आणि त्या टॉवरवर आल्या. व्हर्डेलनं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. क्ले प्रत्येकीशी पंधरा मिनिटं हसून बोलला. मग व्हर्डेलनं प्रत्येकीला पत्र टाइप केलं: 'आपल्या अर्जाबद्दल आभार.' दुसऱ्या वर्षी आमेन थोडं कमी झालं. आता सूचना वाचली की नुसता हातपंख्यांचा आवाज यायचा.

ती लबाडी करत होती का? सूचना खरीच पाठवत होती, मुलाखती खऱ्याच होत होत्या. एकही कागद खोटा नव्हता. पण वाचताना तिची मान वर होत नसे.

मार्च महिन्यात सकाळचा निवेदक डब हॅगन्स निवृत्त व्हायला निघाला. एकतीस वर्षं त्यानं गावाला उठवलं होतं: भाव, हवामान, हरवलेली कुत्री आणि सात वाजता निधनवार्ता. निधनवार्ता ऐकल्याशिवाय पर्डममध्ये कुणी घराबाहेर पडत नाही. डब स्वभावानं भला, पण ईस्ट साइडच्या माणसांची नावं म्हटली की त्याची जीभ अडखळायची. म्हणून सव्वीस वर्षं व्हर्डेल रोज त्याच्या कागदावर पेन्सिलीनं लिहून द्यायची, हे नाव असं म्हण, इथं थांब, ही बाई पास्टरची सासू आहे, आवाज खाली घे. गाव म्हणायचं, डब किती आदरानं वाचतो!

"माझ्या जागी तू बसायला हवीस," डब तिला म्हणाला. "मी क्लेला सांगू का?"

"सांगा," व्हर्डेल म्हणाली, आणि स्वतःच दचकली. असं ती आजवर कधी बोलली नव्हती.

डबनं सांगितलं की नाही, देव जाणे. शुक्रवारी क्लेचं डोकं दारातून आत आलं. "व्हर्डेल, जोन्सबरोचा ब्रेंट एक एप्रिलपासून येतोय. सकाळचा कार्यक्रम बघेल. भारी पोरगा आहे. तेवढं कागदाचं बघ." आणि टेबलावर डोनट ठेवून गेला.

व्हर्डेलनं सूचना टाइप केली. 'सकाळचा निवेदक हवा. आवाज स्पष्ट हवा. गावाची माहिती असल्यास प्राधान्य.' ही शेवटची ओळ तिनं आपल्या मनानं घातली. तेवीस पाकिटं केली. डोनट तसाच राहिला.

घरी आई होती. अर्लीन मॅब्री, वय एक्याऐंशी. मधुमेहानं तिचे डोळे नेले होते आणि वयानं आठवण. कालचं आठवत नसे, चाळीस वर्षांपूर्वीचं तारीखवार आठवे. स्वयंपाकघराच्या खिडकीतला रेडिओ हेच तिचं सगळं जग. पाच चाळीस झाले की ती टेबलावर हात आपटून म्हणायची, "गप्प! माझी पोरगी आली." व्हर्डेल शेजारीच कण्या ढवळत उभी असायची. पण आईची खरी पोरगी त्या रेडिओत होती.

शनिवारी सकाळी अर्धं मिनिट संपल्यावर आई म्हणाली, "काय गं, रोज सगळ्या गावाला बोलावतेस. तू का नाही अर्ज करत?"

हे ती महिन्यातून चारदा तरी म्हणायची आणि व्हर्डेल हसून सोडून द्यायची. त्या शनिवारी तिला हसू आलं नाही. तिनं भांडी आवरली, टेबल पुसलं आणि बसून स्वतःचा अर्ज लिहिला. ब्रेंटला शब्द दिलाय हे तिला ठाऊक होतं. पण तिनं स्वतःला समजावलं, क्लेला कुणी कधी विचारलंच नाही ना! समोर कागद आला की तो विचार करेल. माणूस काही वाईट नाही. नऊ वर्षं दुसऱ्यांच्या आशेवर पत्रं टाइप करून झाल्यावर तिला स्वतःला आशा लागली, आणि ती आशाही तसलीच, इस्त्री केलेली.

अर्ज पर्समध्ये घालून ती रविवारी चर्चला गेली. उभी राहिली, सूचना वाचली. हातपंखे हलले.

बाहेर पायरीवर सिस्टर ओझेला ग्रिग्सनं तिला गाठलं. ओझेला म्हणजे स्त्रियांच्या मंडळाची अध्यक्ष, पांढरी हॅट, आणि हॅटखाली विसरणं ही गोष्टच नाही. तिची नात टमेका रेडिओचंच शिकून कॉलेजातून आली होती. टॉवरवर दोनदा मुलाखत देऊन झाली होती आणि आता कोंबड्यांच्या कारखान्यात पॅकिंग करत होती.

"व्हर्डेल, माझ्याकडे बघ," ओझेला म्हणाली. "पोरीला तिसऱ्यांदा पाठवू? दोनदा नवे बूट घेतले तिला. या वेळी खरं काय ते सांग. जागा आहे, का नाही?"

इतकी वर्षं व्हर्डेल एकच उत्तर देत आली होती: पाठवा ना, सिस्टर, सगळ्यांना संधी आहे. ते उत्तर जिभेवर होतं. पण टमेका गाडीशी उभी होती आणि तिच्या बोटांवर पॅकिंग करताना कापल्याच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या.

"नका पाठवू, सिस्टर," व्हर्डेल म्हणाली.

ओझेलानं तिच्याकडे नीट बघितलं. मग तिचा हात हातात घेऊन दाबला. "देव तुझं भलं करो. एवढ्या वर्षांत आज पहिल्यांदा माझ्याशी माणसासारखी बोललीस."

घरी जाताना व्हर्डेलला हलकं वाटायला हवं होतं. पण पर्स खांद्याला जड लागत होती. पोरीला वाचवायला आपण नको म्हणालो, की एक अर्ज कमी व्हावा म्हणून? तिनं स्वतःला खूपदा विचारलं. दोन्ही उत्तरं खरी वाटली आणि कुठल्याच उत्तरानं बरं वाटलं नाही.

सोमवारी तिनं अर्ज क्लेच्या टेबलावर ठेवला. क्लेनं वाचला, पुन्हा वाचला, आणि त्याचा चेहरा उजळला. "अगं, छान! आतलाही एक उमेदवार झाला. अहवालात चांगलं दिसेल. गुरुवारी दहा वाजता?"

गुरुवारी ती जांभळा सूट घालून आली. आपल्याच टेबलावरून उठली, सहा पावलं चालली आणि क्लेच्या दारावर टकटक केली. क्लेच्या हातात प्रश्नांचा कागद होता. तो कागद तिनंच नऊ वर्षांपूर्वी टाइप केलेला.

"आमच्या स्टेशनबद्दल तुम्हांला कसं कळलं?" क्लेनं वाचलं आणि त्याला हसू फुटलं. "हे सोडून देऊ. माइकवरचा अनुभव?"

"रोज पाच चाळीसला, मिस्टर क्ले. अर्धं मिनिट."

"हो की!" तो हसला. तीही हसली. मग तिनं हसणं थांबवलं.

"डबचे निधनवार्तेचे कागद मी लिहिते. कुणाचं नाव कसं घ्यायचं, कुठं थांबायचं, सगळं. गावातलं एक घर नाही जे मला माहीत नाही. सव्वीस वर्षांपूर्वी तुमच्या वडिलांनी मला सांगितलं होतं, माइक रिकामा झाला की बघू. मला ते काम जमेल, मिस्टर क्ले. मला ते हवंय."

क्लेनं कागद खाली ठेवला. त्याला खरंच वाईट वाटलं. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि हेच तर अवघड होतं. तो जरा उद्धट असता तर तिला दार आपटून बाहेर पडता आलं असतं.

"व्हर्डेल, तू तिकडे बसलीस तर फाइल कोण बघणार? अख्ख्या राज्यात अशी फाइल कुणाची नाही. वकील म्हणतो, तुमची ती बाई म्हणजे तुमचं लायसन आहे. तुला मी हलवूच शकत नाही गं." मग त्यानं उरलेले प्रश्न विचारले. सगळ्यांना पंधरा मिनिटं मिळत होती, म्हणून तिलाही पूर्ण पंधरा दिली.

दुसऱ्या आठवड्यात ब्रेंट सोडून बाकी पाच उमेदवारांना आभाराची पत्रं गेली. पाचही व्हर्डेलनंच टाइप केली. क्ले नेहमीप्रमाणे फोनवर बोलता बोलता सह्या करत गेला आणि पाचव्या कागदावर 'प्रिय व्हर्डेल मॅब्री' असं लिहिलंय हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. तिनं तिकिटं लावली, पेटीत टाकली. दोन दिवसांनी पत्र घरी आलं.

"कुणाचं आहे?" आईनं विचारलं.

"विजेच्या कंपनीचं."

"मग पातेल्याखाली ठेव, हरवेल," आई म्हणाली. तिनं ते पातेल्याखाली ठेवलं.

एवढ्यावर भागलं असतं तरी व्हर्डेलनं निभावून नेलं असतं. पण डबच्या निरोपाचा कार्यक्रम टॉवरनं थेट प्रसारित केला. केक कापला, जुन्या आठवणी निघाल्या, आणि रंगात येऊन क्ले माइकवर म्हणाला, "डबच्या खुर्चीवर किती जणांचा डोळा होता माहितीय? आपल्या व्हर्डेलनंसुद्धा अर्ज केला होता!" लोक हसले. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण ईस्ट साइडच्या प्रत्येक स्वयंपाकघरात रेडिओ चालू होता.

पुढच्या रविवारी तिच्या बाकावर तिच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहिली. पायरीवर ओझेला वाट बघत उभी होती.

"मला म्हणालीस नका पाठवू. आणि तुझा अर्ज कुठं होता तेव्हा?"

व्हर्डेलला खोटं बोलता आलं असतं. "पर्समध्ये," ती म्हणाली.

"पर्समध्ये!" ओझेलानं आजूबाजूच्या बायकांकडे बघितलं. "ऐकलंत? आणि मी बाईला आशीर्वाद दिला!"

"सिस्टर, जागा आधीच गेली होती. शप्पथ. मला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं, तर तू का अर्ज केलास?"

ठाऊक असूनही आशा वाटली, असं पायरीवर उभं राहून चार बायकांसमोर सांगता येतं का? व्हर्डेल पर्स सावरत पायरी उतरली, आणि त्याचा अर्थ प्रत्येकीनं आपापला लावला. नऊ वर्षं तिनं लोकांना खोटी आशा वाटली, ते चाललं. एकदा खरं बोलली, आणि चोर ठरली.

बुधवारी टपालात स्टेशनच्या नावानं मंडळाचं पत्र आलं. टपाल उघडायचं कामही व्हर्डेलचंच. ओझेलाचं अक्षर ठसठशीत होतं: 'यापुढे आमच्या चर्चला रिकाम्या जागांच्या सूचना पाठवू नयेत. सूचना वाचणारी बाई आमच्या मुलींना अर्ज करू नका असं सांगते आणि स्वतः अर्ज करते.' संस्थांकडून आलेलं प्रत्येक पत्र फाइलमध्ये लावायचं, हा व्हर्डेलचा नियम. तिनं तारखेचा शिक्का मारला आणि पत्र लावलं.

जूनमध्ये आयोगाचा लिफाफा आला. दरवर्षी देशभरातल्या काही स्टेशनांची नावं निघतात आणि त्यांची तपासणी होते. या वर्षी टॉवरचं नाव निघालं होतं. दोन वर्षांच्या सगळ्या सूचना, सगळी पत्रं, सगळ्या मुलाखतींच्या नोंदी पाठवा. क्ले पांढराफटक पडला. व्हर्डेलनं दोन्ही खण उघडले आणि तीन दिवसांत दोनशे चौदा पानं लावून त्याच्या टेबलावर ठेवली.

क्ले एकेक पान चाळत गेला, त्याचा रंग परत येत गेला, आणि एकशे एकतिसाव्या पानावर तो थांबला.

"हे काय?"

"चर्चचं पत्र."

"व्हर्डेल, हे कशाला पाठवायचं? हे तुझ्यावर येईल. आम्ही सूचना पाठवली, तू लोकांना अडवलंस, असा अर्थ निघतो. मला हेच म्हणावं लागेल, दुसरं काय म्हणणार मी?" तो कळवळून बोलत होता. "काढ ते. घरी घेऊन जा. तुझ्या भल्याचं सांगतोय."

तो जेवायला गेला. व्हर्डेल त्या गठ्ठ्यासमोर बसून राहिली. दोनशे चौदा पानांत खोटं एकही नव्हतं आणि खरं एवढंच होतं. टॉवरवर काय चालतं, ते गावात कुणालातरी कळलंय, याचा हा एकच कागद. आणि त्यावर नाव होतं तिचं. हा कागद ठेवला तर ती बुडणार, काढला तर सगळं गोड. फाइल तिनं इतकी चांगली बांधली होती की आता त्यातून बाहेर पडायला तिला स्वतःलाच वाट नव्हती. तिला रडू आलं. लोखंडी कपाटाच्या दाराआड उभी राहून ती रडली, मग तोंड धुऊन आली.

एकशे एकतिसावं पान तिनं काढलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं. पाकीट बंद करायच्या आधी तिनं ते परत बाहेर काढलं, घडी हातानं दाबून सपाट केली आणि तारखेच्या जागी लावून टाकलं. मग स्वतः पोस्टात जाऊन पावती घेतली.

चार महिने तिला धड झोप लागली नाही. चर्चात ती सूचना वाचायची, आजारी कोण, बाळ कुणाकडे, पण टॉवरची सूचना आता यादीत नव्हती. ओझेला तिच्याकडे न बघता पंखा हलवायची. सकाळी सातला ब्रेंट निधनवार्ता वाचायचा. व्हर्डेल त्यालाही पेन्सिलीनं लिहून द्यायची, पण तो घाईत असायचा आणि पेन्सिल त्याला दिसायची नाही.

ऑक्टोबरमध्ये उत्तर आलं. एकच परिच्छेद. कागदपत्रं मिळाली, तपासली, नियमाचा भंग आढळला नाही, प्रकरण बंद. क्लेनं ते सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं, व्हर्डेलच्या नावाचा केक मागवला आणि टाळ्या वाजवायला लावल्या. "दोनशे चौदा पानं आणि एक चूक नाही!" तो म्हणाला. त्या पत्राचं काय, हे त्यानं विचारलं नाही. तिनं ते काढून टाकलं असणार, असंच तो धरून चालला होता. व्हर्डेल केकची बशी हातात धरून उभी राहिली. चार महिने आपण घाबरलोय असं तिला वाटत होतं. आता तिला कळलं की ती वाट बघत होती, ते एक पान कुणीतरी वाचेल आणि विचारेल याची.

"आणि हो," केक खाता खाता क्ले म्हणाला, "वेबसाइटचा पत्ता बदललाय. सूचनेत घालावा लागेल. पाच चाळीसचं ते नव्यानं भरून टाक ना. उद्यापासून वाजवू."

ब्रेंट खुर्चीवरून उठून बाजूला झाला. व्हर्डेल माइकसमोर बसली. लाल दिवा लागला. या खोलीत दुसऱ्यांदाच. मनात येईल ते बोलायला तिच्याकडे अर्धं मिनिट होतं. तिनं समोरचा कागद शेवटपर्यंत वाचला, जसा लिहिला होता तसा, आणि वेळापत्रकात आपल्या हातानं त्याच जागी लावला. भावांनंतर, हवामानाच्या आधी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कण्या ढवळत होती. भाव संपले. आईनं टेबलावर हात आपटला. "गप्प! माझी पोरगी आली."

रेडिओत बाईचा आवाज सुरू झाला. आईचा हात टेबलावर तसाच राहिला. तिनं मान तिरकी करून ऐकलं, अगदी नवीन पत्त्यापर्यंत ऐकलं. हवामान सुरू झालं.

"ही कोण बाई?" तिनं शेवटी विचारलं. "थकलेली वाटते. माझ्या पोरीला काढलं की काय तिथनं?"

व्हर्डेलनं गॅस बारीक केला.

"सांग ना गं. तिची जागा दुसऱ्या कुणाला दिली?" आईचे न दिसणारे डोळे रेडिओच्या दिशेला लागले होते, आणि आवाज चढला होता. "जागा निघाली होती, तर आपल्याला कुणी कळवलं का नाही?"

व्हर्डेलनं कण्यांची बशी तिच्यासमोर ठेवली, चमचा तिच्या हातात दिला आणि बोटं मिटवून तो नीट धरवला.

"कळवलं होतं, आई," ती म्हणाली. "मीच कळवलं होतं."